आलेलं प्रत्येक पान वाचलं जाईल

(सोलापुरात ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, इतक्या लांबून तुम्ही या उन्हात आलात. आपापल्या वाचनालयात दरवर्षी कथा आणि कवितेची स्पर्धा घ्यावी असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आहे. तुमच्या चिठ्ठ्या मी वाचल्या. बहुतेकांनी एकच विचारलंय, बक्षीस किती ठेवावं? त्याचं उत्तर मी देईन, पण शेवटी. सुरुवात मला वेगळ्या ठिकाणाहून करायची आहे.

आपल्या जिल्ह्याला साहित्याचे मोठे सोहळे नवे नाहीत. १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात साहित्य संमेलन झालं. १९८० साली बार्शीला झालं, तेव्हा गं. बा. सरदार अध्यक्ष होते. २००६ साली ते पुन्हा सोलापुरात आलं आणि अध्यक्षपदी होते याच गावात जन्मलेले मारुती चितमपल्ली. त्या २००६ च्या मांडवात मी स्वयंसेवक होते. गर्दी, ग्रंथदिंडी, पुस्तकांचे गाळे, सगळं मनासारखं पाहिलं. मांडव उठला तेव्हा माझ्या पिशवीत तीन वह्या होत्या. तिन्ही अनोळखी माणसांनी दिलेल्या. "बाई, तुम्ही शिकवता ना, जरा बघून सांगा की." त्यांतल्या एका वहीच्या पहिल्या पानावर तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. अकरा वर्षं तो माणूस लिहीत होता आणि ते कुणीही वाचलेलं नव्हतं. बायकोनंसुद्धा नाही, असं तो म्हणाला.

आमची स्पर्धा त्या वहीतून निघाली. म्हणून आमच्या पत्रकावर सगळ्यात वर बक्षिसाची रक्कम नसते. तिथं एक वाक्य असतं: तुम्ही पाठवलेलं प्रत्येक पान दोन माणसं शेवटपर्यंत वाचतील आणि वाचून काय वाटलं ते तुम्हाला लिहून कळवतील. बाकी सगळे नियम या वाक्याच्या पोटातून आलेत.

आता या वाक्याचा हिशेब मांडू, कारण तो न मांडता स्पर्धा जाहीर केली की पुढं फसगत होते. अडीच हजार शब्दांची कथा नीट वाचून चार ओळींचं टिपण करायला अर्धा तास लागतो. एका बैठकीत चार कथा होतात. पाचवीवर अन्याय होतो, हे मी स्वतःवर ताडून पाहिलंय. शंभर कथा आल्या आणि प्रत्येक दोघांनी वाचायची म्हटलं, तर दोनशे वाचनं झाली. एका माणसाकडं वीसपेक्षा जास्त कथा द्यायच्या नाहीत असं धरलं, तर दहा माणसं हवीत. दहा माणसं नसतील तर आवाहनातच लिहा की पहिल्या पन्नास कथाच घेऊ. त्यात काही कमीपणा नाही. न वाचता बाजूला ठेवलेली कथा मात्र विश्वासघात आहे, आणि तो लिहिणाऱ्याला कळतो.

प्रवेश शुल्क आम्ही घेत नाही. यावर आमच्या बैठकीत दोनदा कडाक्याचा वाद झाला. शुल्क असलं की गंभीर लोकच पाठवतात, असं एक मत होतं. पण आपलं गाव कोणतं आहे ते बघा. पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. हजार विड्या वळल्या की मजुरी. तिच्या दिवसभराच्या मजुरीतला मोठा वाटा कापून ती कविता पाठवेल, अशी अपेक्षा मी करू शकत नाही. शुल्क ठेवलं असतं तर आमच्याकडं आलेल्या सगळ्यात चांगल्या दोन कथा आल्याच नसत्या.

वेळापत्रकाचं थोडक्यात सांगते. जाहीर करायचं २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस असल्यानं त्या दिवशी शाळा-कॉलेजांत कार्यक्रम असतातच. मुदत मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे परीक्षा आणि पेपर तपासणीतून मोकळ्या झालेल्या शिक्षकांनाही लिहायला सवड मिळते. जानेवारीत काही ठेवू नका. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघाले आणि गड्ड्याची जत्रा भरली की सोलापूर दुसऱ्या कशाचंही नसतं. आषाढीच्या आसपास पंढरपूरकडं सगळा जिल्हा वळलेला असतो, ते दिवस वाचनाला द्यायचे. निकाल मात्र जुलैत लागलाच पाहिजे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा दिवाळीकडं डोळे लावून लिहिली जाते. निकाल वेळेत लागला तर आपल्याकडं नंबर आलेली कथा त्याच वर्षी एखाद्या संपादकाकडं जाऊ शकते.

नावं झाकण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथं आमच्या हातून मोठी चूक झाली.

कथेवर लेखकाचं नाव नको, फक्त क्रमांक हवा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हस्ताक्षरही बोलतं. छोट्या गावात तर परीक्षक अक्षर बघून माणूस ओळखतो. म्हणून हातानं लिहून आलेल्या कथा आम्ही टाइप करून घ्यायला लागलो. कॉलेजची मुलं हौसेनं टाइप करायची. एका वर्षी एक कथा आली, यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या घरातली. रात्री लाईट जाते, माग थांबतात, आणि खटखट बंद झाल्यामुळं पाळण्यातलं बाळ दचकून उठतं. जन्मापासून ते त्या आवाजातच झोपलेलं. कथेतली माणसं आपल्यासारखीच बोलत होती: "काय करलालाव ओ?" "काय न्हाई, बसलालाव." टाइप करणाऱ्या मुलानं अगदी चांगल्या हेतूनं हे सगळं 'शुद्ध' केलं. "आपण काय करत आहात?" "काही नाही, बसलो आहे." दोन्ही परीक्षकांनी लिहिलं, प्रसंग उत्तम, संवाद लाकडी. कथा मागं पडली.

निकालानंतर लेखिकेनं मूळ कागदांची प्रत घेऊन आम्हाला गाठलं. तिच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी ती शाळेत आणि गल्लीत शिकली. ती एवढंच म्हणाली, "मला वाटलं माझं मराठी तुम्हाला चुकीचं वाटलं." त्या वाक्यानं मला कित्येक रात्री झोप लागली नाही. हे गाव कशावर उभं आहे? सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं लिहिली. शाहीर रामजोशी याच गावचे. लक्ष्मीनारायण बोल्ली घरी तेलुगू बोलत मोठे झाले आणि मराठीचे कवी झाले. इथली मराठी कन्नड, तेलुगू, उर्दूच्या शेजारानं घडलेली आहे. तीच आम्ही पुसून टाकली होती. आम्ही लेखी माफी मागितली, कथा मूळ रूपात पुन्हा दोन नव्या परीक्षकांना दिली आणि निकाल दुरुस्त करून जाहीर केला. तेव्हापासून टाइप केलेलं प्रत्येक पान मूळ कागदाशी दुसरी व्यक्ती ओळीनं ओळ ताडून बघते, आणि शुद्धलेखनसुद्धा आम्ही दुरुस्त करत नाही. परीक्षकांनाही सांगितलेलं असतं, ऱ्हस्व-दीर्घाचे गुण कापायचे नाहीत.

आता गुण. शंभरापैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची, ही पद्धत सोपी आहे. पण ती नेहमी मधल्या कथेला जिंकवते. एका कथेला एक परीक्षक नव्वद देतो, दुसरा चाळीस. सरासरी पासष्ट. दुसऱ्या एका बेताच्या, गुळगुळीत कथेला दोघंही सत्तर देतात, ती पुढं. ज्या कथेनं एकाला हलवलं आणि दुसऱ्याला चिडवलं, त्या कथेत काहीतरी घडलेलं असतं. म्हणून दोघांत वीसपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला की आमच्याकडं सरासरी काढायला बंदी आहे. दोघांना समोरासमोर बसवायचं, तिसऱ्यानं ती कथा मोठ्यानं वाचायची आणि मग बोलायचं. या बैठका दोन-दोन तास चालतात. चहा लागतो, आवाज चढतात. माझ्या मते आख्ख्या स्पर्धेतलं सगळ्यात मोलाचं काम तिथं होतं. शिवाय परीक्षक सढळ आणि कंजूष असतात, म्हणून आकड्यांऐवजी त्यांनी लावलेला क्रम बघायचा. माझा पहिला नंबर आणि तुमचा पहिला नंबर, एवढंच तुलनेला घ्यायचं.

कवितेला हे जसंच्या तसं लागू होत नाही. कविता डोळ्यांनी वाचून निकाल देऊ नका. लावणी ऐकायची गोष्ट आहे, तशी मुक्तछंदातली ओळसुद्धा कानावर पडली की खरी-खोटी कळते. गझल आली तर वृत्त जाणणाऱ्या माणसाकडंच द्या. ज्याला लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, मोजता येत नाही, रदीफ (शेवटी तसाच परत येणारा शब्द) आणि काफिया (त्याआधीचं यमक) वेगळे ओळखता येत नाहीत, त्यानं गझलेला गुण देणं बरोबर नाही. आणि एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते: चांगली चाललेली कविता शेवटच्या दोन ओळींत उपदेश करते. आई, शेतकरी, पाऊस, विषय कुठलाही असो. कवीला भीती वाटते की वाचकाला कळणार नाही. अशा कवीला आम्ही कळवतो, शेवटच्या दोन ओळी झाकून कविता पुन्हा वाचून बघा. पुढच्या वर्षी त्याच माणसाची कविता वेगळी येते. हे मी अनेकदा पाहिलंय.

उचलेगिरीचा अनुभव एकदाच आला. दुसऱ्या क्रमांकाची ठरलेली कविता जुन्या दिवाळी अंकातली निघाली. नशिबानं निकाल जाहीर व्हायचा होता. आता अंतिम फेरीतलं साहित्य गावातल्या चार-पाच मुरलेल्या वाचकांना आधी दाखवतो. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथाही येतात. गुळगुळीत, कुठंही न अडणाऱ्या, आणि त्यांत सोलापूर म्हणजे फक्त चादर आणि शेंगाचटणी. ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी विसंबत नाही, निरपराध माणसावर आळ येण्याची मला फार भीती वाटते. अंतिम फेरीतल्या लेखकाला आम्ही बोलावतो, कच्चा खर्डा आणायला सांगतो आणि कथेबद्दल गप्पा मारतो. हे पात्र आधी कसं होतं, कुठं अडलात, काय कापलं? ज्यानं लिहिलंय तो यावर तासभर बोलतो, त्याला थांबवावं लागतं.

हक्कांचा मुद्दा सोडू नका. अनेक पत्रकांवर बिनदिक्कत छापलेलं असतं, 'आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील.' हे वाक्य तुमच्या पत्रकावर असू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन लेखकाचं असतं, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. आम्हाला स्मरणिकेत छापायला एकदाची परवानगी पुरते. तेवढीच मागतो, आणि लेखकाला दिवाळी अंकाला कथा द्यायची असेल तर आम्ही थांबतो. छापून झालेली कथा संपादक सहसा घेत नाहीत. आपल्या स्मरणिकेपायी कुणाची संधी जाऊ नये.

राहिलं उत्तराचं पत्र. बक्षीस तिघांना मिळतं, पत्र सगळ्यांना जातं. 'छान प्रयत्न, लिहीत राहा' असं लिहायला आमच्याकडं मनाई आहे. न वाचतासुद्धा ते लिहिता येतं. पत्रात दोन गोष्टी असायलाच हव्यात: लक्षात राहिलेली एक जागा आणि वाचक बाहेर पडला ती एक जागा. त्या यंत्रमागाच्या कथेला, दुसऱ्यांदा वाचल्यावर, आम्ही लिहिलं होतं: 'माग थांबल्यावर बाळ उठतं, ते आम्ही विसरलो नाही. पण त्यानंतर सासूचं बोलणं दीड पान चालतं, तिथं आम्हाला बाळाकडं परत जावंसं वाटत होतं.' असं पत्र लिहायला कथा खरोखर वाचावी लागते. त्या बाई गेली काही वर्षं आमच्या वाचकांमध्ये आहेत, आणि त्यांची पत्रं माझ्यापेक्षा चांगली असतात.

बक्षिसाचं विचारलं होतंत. जेवढे पैसे आधी हातात असतील तेवढंच जाहीर करा, आणि समारंभात पाकीट रिकामं देऊ नका. हार, शाल, स्मृतिचिन्ह यांवर खर्च न करता विजेत्याला कथा व्यासपीठावरून पूर्ण वाचू द्या. पाहुण्यांची भाषणं कमी करा, वीस मिनिटं निघतात.

यंदाच्या कथा-कवितांचे गठ्ठे लावून झालेत. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलीय. ज्यांना जून-जुलैत वाचायला जमेल त्यांनी नाव आणि गाव लिहा, आणि कथा वाचणार की कविता तेही पुढं लिहा. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू येत असेल तर तेवढं आवर्जून लिहा.