धूर गेला, धोका नाही गेला

नमस्कार श्रोतेहो.

गेले चार दिवस ग्वाल्हेरात धुकं दुपारपर्यंत हलत नाहीये. सकाळी महाराज बाड्यावर उभं राहिलं तर समोरचं पोस्ट ऑफिस दिसत नाही. चौकाचौकात अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटल्यात, आणि घराघरांतून माळ्यावरच्या कोळशाच्या सिगड्या खाली उतरल्यात. पुण्याचे पाहुणे शेगडी म्हणतात, त्यांना गॅसची शेगडी आठवते. आपण सिगडीच म्हणतो. आज मला या सिगडीबद्दलच बोलायचंय, आणि त्यासाठी आमच्या घरातली एक रात्र सांगायचीय.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. संक्रांत होऊन गेली होती. पुतण्याच्या मुलीचं बोरन्हाण होतं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात. नागपूरहून माझ्या वन्सं आल्या होत्या, त्यांची सून, सुनेचा चार वर्षांचा मुलगा आणि आमच्या मावशी. नागपूरची थंडी वेगळी, इथली वेगळी. मुलाचे ओठ संध्याकाळपासूनच निळसर दिसत होते. मावशींनी दोन स्वेटर चढवले होते, तरी त्यांचे दात वाजत होते. मला वाटलं, माझ्या घरी आलेल्या माणसांना थंडी वाजता कामा नये.

म्हणून मी सिगडी पेटवली. अंगणात पेटवली, खोलीत नाही, कारण धूर होतो हे मला ठाऊक होतं. लाकडी कोळसा होता. अर्धा-पाऊण तास वारा घातला. धूर गेला, निखारे लालबुंद झाले, वर पांढऱ्या राखेची पातळ साय धरली. मग ती सिगडी मी वर माडीवरच्या खोलीत नेऊन ठेवली. शेजारी पाण्याचं घमेलं ठेवलं, कारण माझ्या सासूबाई ठेवायच्या. खिडक्या लावल्या. त्या खोलीच्या दारावर दगडी जाळी आहे, आपल्या जुन्या वाड्यांत असते तशी कोरीव. तिच्यातून गार झुळूक येत होती. मी स्टुलावर चढले आणि त्या जाळीत जुनी सतरंजी कोंबली. दार ओढून घेतलं आणि खाली येऊन झोपले.

रात्री तीनच्या सुमारास आवाज आला. पितळेचा तांब्या दगडी पायऱ्यांवरून खाली येत होता. ठण्ण. मग थोडं थांबून पुन्हा ठण्ण. आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. तांब्या शेवटच्या पायरीवरून घरंगळत अंगणात आला आणि गोल गोल फिरत राहिला. डोळे मिटले की तो आवाज अजून माझ्या कानात येतो.

हे आधी उठले. वर जाऊन पाहतात तो सून उंबऱ्यावर पडलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मुलाला शू लागली म्हणून ती उठली होती. हातात तांब्या घेऊन दारापर्यंत आली आणि पायच उचलेनात. पाय कापसाचे झाल्यासारखे वाटले, असं तिनं नंतर सांगितलं. ती दारावर कोसळली, दार उघडलं, तांब्या सुटला. मुलगा गादीवर बसून रडतही नव्हता, नुसता बघत होता. त्याच्या मुठीत दिवसा लुटलेली तीन बोरं तशीच होती. वन्सं ओकल्या होत्या. मावशींना हाका मारल्या तर डोळे उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. आणि खोलीत धुराचा मागमूस नव्हता. वासही नव्हता. निखारे अजून लाल होते, छान ऊब होती.

यांनी खिडक्या ढकलल्या, तर दोन मिनिटांत यांनाच गरगरायला लागलं. शेजारचे काका आणि त्यांचा मुलगा धावत आले. एकेकाला उचलून गच्चीवर आणलं, त्या कडाक्याच्या थंडीत, रजयांत गुंडाळून. शेजाऱ्यांच्या जीपमधून दवाखान्यात नेलं.

तिथे पहिला प्रश्न आला, जेवायला काय होतं? सगळ्यांना मळमळ, सगळ्यांचं डोकं दुखतंय, म्हणजे विषबाधा. आम्हीही मान डोलावली. कोणी म्हणालं बासुंदी, कोणी म्हणालं मुलानं बोरं फार खाल्ली. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, त्यावर आकडा चांगला आला. सगळे बुचकळ्यात. तेवढ्यात एक वयस्कर सिस्टर आल्या, मावशींचे गुलाबी गाल पाहिले आणि मला विचारलं, "सिगड़ी जलाई थी क्या, कमरे में?"

मी हो म्हटलं. त्यानंतर चौघांच्या तोंडाला ऑक्सिजनचे मास्क लागले. दुपारपर्यंत मुलगा बोलायला लागला आणि त्यानं आपली बोरं मागितली. मावशी मात्र पुढे महिनाभर माणसांची नावं विसरत होत्या. मला माझ्या आईच्या नावानं हाक मारायच्या. हळूहळू सुधारल्या.

श्रोतेहो, ती सतरंजी मी कोंबली होती. प्रेमानं कोंबली होती. म्हणून दरवर्षी थंडी पडली की ही गोष्ट मी सांगते.

आता झालं काय होतं? कोळसा जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेतो, पण अंगाला प्राणवायू मिळत नाही. झोपलेला माणूस झोपेतच खोल जातो. आणि ते बोटाचं यंत्र या वायूला प्राणवायूच समजतं, म्हणून त्याच्या आकड्यावर जाऊ नका.

पुन्हा सांगते. धूर गेला म्हणजे धोका गेला, असं नाही. लालबुंद, बिनधुराचा निखारा हाच बंद खोलीत जीव घेतो. आणि पाण्याच्या घमेल्याचा काही उपयोग नाही. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. माझ्या सासूबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही. तुम्ही आपल्या सुनांना सांगा.

घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळतंय, ताप कोणालाच नाही, आणि बाहेर मोकळ्यावर आलं की बरं वाटतंय, तर आधी सिगडी आठवा. बासुंदी नंतर. दारं-खिडक्या सताड उघडा, माणसांना बाहेर काढा, 108 ला फोन करा. आत जाणाऱ्यानं आधी दार उघडून हवा येऊ द्यावी, आत रेंगाळू नये, नाहीतर वाचवणाराच पडतो. आणि दवाखान्यात पाऊल टाकताच, कोणी विचारायच्या आधी, खोलीत कोळसा जळत होता हे सांगा. घरात कोणी गरोदर असेल तर तिला बरं वाटत असलं तरी दाखवाच, कारण पोटातल्या बाळाला याचा त्रास जास्त होतो.

गॅसच्या गीझरचंही तेच आहे. बाथरूम लहान, खिडकी बंद, कडी आतून, आणि गीझर चालू ठेवून तास-तासभर अंघोळ. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा. ते जमत नसेल तर बादली भरा, गीझर बंद करा, मग अंघोळीला बसा.

आता मला त्या दगडी जाळ्यांबद्दल बोलायचंय. लष्करात, जनकगंजात, दौलतगंजात वाड्यांची डागडुजी चालली आहे, आणि पहिली निघते ती जाळी. तिच्या जागी ॲल्युमिनियमची घट्ट काच बसते. कारागिरानं महिनोन्‌महिने बसून कोरलेला दगड भंगारासारखा कोपऱ्यात पडतो. मला ते बघवत नाही. शोभेसाठी असेल ती जाळी, पण दारं लावली तरी खोलीत हवा खेळत राहायची, ती तिच्यामुळे. आपल्या पूर्वजांनी ग्वाल्हेरात 200 वर्षं थंडी काढली, ती हवा कोंडून नाही काढली.

ऊब हवी तर कशी? अंगणात सिगडीभोवती बसा, गजक खा, गप्पा मारा. मुरैन्याची गजक थंडीतच खावी, दातांखाली कुरकुरली पाहिजे. उन्हाळ्यात पाहुण्यांना डबे भरून पाठवणं मला पटत नाही, ती चिवट होते. असो. झोपायला जाताना सिगडी अंगणातच राहू द्या. अंथरुणात अर्धा तास आधी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा. पायमोजे, कानटोपी. आणि गोधडी, खरी गोधडी, आईच्या आणि आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्यांची, हातानं टाके घातलेली. दोन गोधड्या एकावर एक घ्या, त्यांची ऊब बाजारच्या चकचकीत ब्लँकेटला येत नाही. घरात लुगडी उरली नसतील तर जुन्या साड्या बोहारणीला देऊ नका, शिवायला घ्या.

आमच्या घरी आता पाहुणे आले की माडीवरच्या खोलीची जाळी उघडीच असते. वन्सं अजून येतात. तो मुलगा आता मिसरूड फुटलेला झालाय. तांब्याला पोचा आलाय, पण तो बदलायचा नाही असं सुनेनं बजावलंय.

एक काम मात्र आजच्या आज करा. तुमच्या कॉलनीच्या फाटकावर चौकीदाराची पत्र्याची केबिन असेल. पहाटे थंडी वाढली की तो निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आत बसतो आणि पत्रा ओढून घेतो. जेवण झालं की खाली उतरा, त्याला भेटा, घमेलं बाहेर काढायला सांगा. नुसतं सांगून तो ऐकणार नाही, कारण थंडी त्यालाच वाजते. जाताना एक जाड गोधडी आणि थर्मासभर चहा घेऊन जा.

नमस्कार.