पुडी कुणासाठी?

नमस्कार, श्रोतेहो.

"जा रे, कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी आण. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घे." असं सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पोरगं थोडंच खाणार आहे? पुडी बाबांसाठी. टपरीवालाही घरच्यांना ओळखतो, निमूट काढून देतो.

कायद्याला मात्र पुडी कोण खाणार याच्याशी देणंघेणं नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचं सहावं कलम सांगतं, अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकायची नाही. बाबांसाठी असली तरी नाही. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करायची जबाबदारीही दुकानदाराचीच. जेवायला घरी जाताना पोराला गल्ल्यावर बसवलं आणि त्यानं सिगारेट विकली, तर तेही नियमाबाहेर. शिवाय शाळा-कॉलेजच्या कुंपणापासून १०० यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखू कुणालाच विकता येत नाही, मोठ्या माणसालाही नाही.

आणि 'पोरगं थोडंच खाणार' याचं म्हणाल, तर २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के मुलं तंबाखू वापरत होती.

आता दंड ऐका: फार तर २०० रुपये. एवढ्यानं कोण बधणार, सांगा! सुट्या सिगारेटी-विड्यांचंही तसंच. खाऊच्या पैशांत पाकीट येत नाही, एक सिगारेट येते, आणि पाकिटावरचं भीतिदायक चित्रही बघावं लागत नाही. महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये सुटी विक्री बंद केली. टपऱ्यांवर काय चालतं, ते तुम्ही रोज बघताच.

खरा दणका दुसऱ्या कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इथं 'विकणारा' म्हटलेलं नाही, 'देणारा' म्हटलंय. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नाही. सूट फक्त डॉक्टरनं सांगितलं असेल तर. म्हणजे दात दुखतो म्हणून नातवाच्या बोटावर मिश्री ठेवणारी आजीसुद्धा या कलमाच्या शब्दांत बसते. तिच्यावर कुणी फिर्याद करणार नाही, करूही नये असं मला वाटतं. पण मिश्रीचा डबा फळीवर नातवाचा हात पोचणार नाही इतका वर ठेवायला तिला सांगता येईल, आणि पुडी आणायला बाबांना स्वतः चपला घालता येतील.