लघुपट शिकायचा तर आधी ऐकायला शिका

श्रोतेहो, नमस्कार.

बारावी झाली की गोव्यातली काही मुलं दरवर्षी घरी सांगतात, मला सिनेमा शिकायचाय. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्याकडे भरतो, त्यामुळे घरच्या मंडळींनाही आता यात नवल वाटत नाही. मग मुलं विचारायला येतात, सर, कॅमेरा कोणता घेऊ? मी सांगतो, कॅमेरा मित्राचा चालेल, फोनही चालेल. आधी कान झाकणारा चांगला हेडफोन घे.

कारण साधं आहे. चित्र थोडं अंधारलेलं असलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही की तो दुसऱ्याच मिनिटाला चुळबुळू लागतो. आणि नवख्या मुलांचे लघुपट पडतात ते बहुतेक इथेच.

समजा, फोंड्याकडच्या एका जुन्या घरात प्रसंग आहे. स्वयंपाकघरात आई आणि मुलगा, मुलगा नोकरीसाठी परदेशी निघालाय. कॅमेरा लावण्याआधी तिथे पाच मिनिटं गप्प बसा. डोक्यावर पंखा घरघरतोय. कोपऱ्यात फ्रिज गुणगुणतोय. शेजारी कुकरची शिट्टी झाली, रस्त्यावरून पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा पों पों वाजवत गेला. आपला मेंदू हे सगळं बाजूला सारतो, माइकला ते जमत नाही. म्हणून पंखा बंद, मग मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या तरी बेहत्तर. फ्रिजही बंद करा, आणि तुमच्या स्कूटरची चावी त्या फ्रिजमध्येच ठेवा. म्हणजे फ्रिज परत चालू केल्याशिवाय तुम्हाला घरी जाताच येणार नाही, आणि ज्यांनी आपुलकीने घर दिलं त्यांचे मासे खराब होणार नाहीत. पोदेराला मात्र थांबवू नका. तो पुढे गेला की टेक घ्या, आणि त्याचा भोंगा वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. आई बोलता बोलता थांबते तिथे तो दुरून ऐकू आला, तर वेळ सकाळची आहे हे कुणी सांगायला नको.

माइक कॅमेऱ्यावर बसवू नका, बोलणाऱ्याच्या जवळ न्या. अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलने उतरते, आजूबाजूची गडबड मात्र तेवढीच राहते. एवढं एक गणित पक्कं बसलं तरी निम्मं काम झालं. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा 48 किलोहर्ट्झ, 24 बिटवर ठेवा. संवादाचे चढ मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास असू द्या, म्हणजे कुणी अचानक ओरडलं तरी आवाज फाटणार नाही. प्रसंग संपला की लगेच सामान आवरू नका. सगळ्यांना जागच्या जागी उभं करून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट टिपा. दोन शॉट जोडताना मध्ये जी पोकळी पडते, ती याच शांततेने भरायची असते. कोरी, निःशब्द पट्टी टाकली तर प्रेक्षकाला वाटतं, स्पीकर गेला.

आपल्याकडच्या नटांबद्दलही बोलायला हवं. गावच्या देवळात उत्सवी नाटकं करून तयार झालेली ही माणसं. पाठांतर चोख, आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. गोव्याची ही फार मोठी मिळकत आहे, तिला नाकं मुरडू नका. काकांना फक्त सांगा, आज शेवटची रांग तुमच्या हनुवटीपाशी आहे. ते आपोआप हळू बोलतील, आणि तालमीत न दिसलेलं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत दिसू लागेल.

चित्राबद्दल थोडक्यात सांगतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून फोनवर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवलं तर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. दोघांच्या संभाषणात कॅमेरा त्यांच्यामधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा.

बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरायचं काम बहुतेक चमूंमध्ये उशिरा आलेल्या मित्राच्या गळ्यात पडतं. माझ्या मते ते सगळ्यांत सावध माणसाला द्यावं, आणि 'नको, परत घेऊया' म्हणण्याचा हक्क त्याला असावा. दिग्दर्शकाने तो निमूट मानावा.

सराव कुठे करायचा? पणजी-बेती फेरीबोटीवर. सिनेमाच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंच्या सुरुवातीच्या चित्रफिती जेमतेम 50 सेकंदांच्या असत. तुम्हीही बोटीवरच्या एखाद्या माणसाचा तेवढाच एक शॉट घ्या, कॅमेरा स्थिर, कट नाही. आवाज मात्र वेगवेगळे टिपा: इंजिनाची धडधड, पाण्याचा आवाज, धक्क्यावर आदळणारी लोखंडी फळी, एकाच वेळी सुरू होणाऱ्या मोटरसायकली, मासळीची पाटी उचलून घेणाऱ्या बाईची हाक. घरी येऊन ते त्या एका शॉटखाली आलटून पालटून लावून बघा. फक्त इंजिन ठेवलं तर रोजचा प्रवास वाटतो. इंजिन काढून नुसतं पाणी ठेवलं तर तोच माणूस एकटा दिसू लागतो. चित्राला हातही न लावता अर्थ कसा पालटतो, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा इथे लवकर कळतं.

ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपटात मोडतो. तुमचा पहिला पाच मिनिटांचा करा. संकलन झालं की तो आधी घरातल्या कुणाला तरी स्क्रीन झाकून नुसता ऐकवा. कोण कुणाला काय म्हणालं आणि ते कुठे होते, एवढं त्यांना सांगता आलं नाही, तर रंग सुधारत बसू नका. परत आवाजाच्या पट्ट्यांकडे वळा.

नमस्कार.