टेबलावरचा दिवा कुठे बसवावा
(सांगलीत अभ्यासिकेतील विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. सांगली-मिरजेत आता गल्लोगल्ली अभ्यासिका दिसतात. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथं बसलेली असतात. टेबल बरं असतं, खुर्ची बरी असते. दिवा मात्र छताला, तोही बहुतेक वेळा मुलाच्या पाठीमागं. वहीवर त्याच्याच डोक्याची आणि हाताची सावली पडते. घरीही तेच चित्र: ट्यूब दारावर आणि टेबल समोरच्या भिंतीला. मग आईवडील म्हणतात, जास्त वॉटची ट्यूब आणू. त्यानं सावली हटत नाही. वॉट वाढवण्याआधी दिव्याची जागा बदला, हे सांगायला मी आज उभा आहे.

अंतराच्या वर्गाचा नियम विज्ञानाच्या मुलांना पाठ असतो. तो अभ्यासाच्या टेबलावर मात्र कुणी आणत नाही. बल्बसारखा छोटा दिवा कागदापासून 80 सेंटिमीटरवर होता, तो 40 वर आणला, की कागदावरचा उजेड जवळपास चौपट होतो. विजेचं बिल तेवढंच राहतं. लिहिण्यावाचण्याच्या जागी साधारण 500 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड धरतात. खोलीतल्या एकट्या ट्यूबकडून तेवढा टेबलावर मिळणं अवघड. हातापाशी आणलेला नऊ वॉटचा एलईडी बल्ब तो सहज देतो. आणखी एक गोष्ट. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या मुलाच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड आत पोचतो. त्याच टेबलावर सकाळी आजोबा पेपर वाचत असतील, तर त्यांना दिवा जवळ ओढता आला पाहिजे.

मिरजेच्या तंतुवाद्यांचंही सांगतो. जवारी लावताना, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून सूर खुलवताना, शेवटचा निर्णय कानाचा, पण घोडीवरचा केसभर चढउतार डोळ्याला दिसायचा तर उजेड बाजूनं, तिरका यावा लागतो. सरळ वरून आलेला उजेड तो चढउतार लपवतो. लिहिणाऱ्याला वेगळी दिशा लागते, सोल्डरिंग करणाऱ्याला आणखी वेगळी. म्हणून दिवा हलणारा हवा, आणि सोडला तिथंच थांबणारा हवा.

हे थांबणं जमवलं इंग्लंडमधल्या बाथच्या जॉर्ज कारवर्डाइन या मोटार-इंजिनिअरनं. गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करताना स्प्रिंगा त्याच्या हातच्या झाल्या होत्या. 1932 साली त्यानं स्प्रिंगांवर तोललेल्या हाताचं, म्हणजे दिवा पेलणाऱ्या दांड्याचं, पेटंट घेतलं. आधी चार स्प्रिंगांचा दिवा आला, मग 1935 मध्ये घरगुती वापराचा तीन स्प्रिंगांचा. दिव्याचं वजन स्प्रिंगांनी तोललेलं असतं, म्हणून बोटानं ढकलला तरी तो हलतो आणि हात काढला की खाली येत नाही. दुकानात दिवा घेताना एवढं तपासा: दिव्याचा हात आडवा पसरा, सोडा, आणि मिनिटभर बघा. डोकं खाली झुकायला लागलं तर तो दिवा घेऊ नका.

आता भिंतीवर बसवायचं. इथं लोक घाई करतात. समजा दिव्याचं डोकं एक किलोचं आणि हात 80 सेंटिमीटर लांब. ब्रॅकेटचे दोन स्क्रू एकावर एक, चार सेंटिमीटर अंतरावर असतील, तर वरच्या स्क्रूला भिंतीतून उपटणारी ओढ साधारण 20 किलोची होते. तेच अंतर दहा सेंटिमीटर केलं की ती आठ किलोवर येते. म्हणून उभं, लांब ब्रॅकेट घ्या. भोक विटेत पाडा, दोन विटांमधल्या सांध्यात नको; तिथं गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग) फिरते. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांना त्यांच्यासाठीची वेगळी गिट्टी लागते. जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरतच नाही, तिथं लाकडी खांबाला फळी मारून तीवर ब्रॅकेट बसवा. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नका. भिंतीतली वायर बहुतेक त्याच रेषेत असते. दिव्याची बॉडी धातूची असेल तर तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग हवंच. बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर अर्थिंग लागत नाही. 2005 आणि 2019 चा पूर ज्या घरांत शिरला, तिथं नवा पॉइंट काढताना टेबलाच्या वरच काढा, जमिनीलगत नको.

उजव्या हातानं लिहिणाऱ्याला दिवा डाव्या बाजूनं, थोडा समोरून. डावखुऱ्याला उलट. शेड इतकी खाली, की बसल्यावर बल्ब डोळ्याला दिसू नये. उजेडाचा रंग 4000 केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर, अभ्यासाला मला योग्य वाटतो. खोलीतली ट्यूबही चालू ठेवा, अंधारात एकच झोत डोळ्यांना शिणवतो.

भाड्याच्या खोलीत भोक पाडता येत नाही, मग काय करायचं, असं मघाशी एका मुलीनं विचारलं. तिनं टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा क्लॅम्पचा दिवा घ्यावा. टेबलाची फळी 18 मिलिमीटरची असेल तर काही अडचण नाही. पातळ फळी असेल तर क्लॅम्पच्या वर आणि खाली प्लायचा तळहाताएवढा तुकडा ठेवायचा, म्हणजे दाब पसरतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प अजिबात लावू नये; तिथं जड बैठकीचा दिवा घ्यावा आणि त्याची वायर टेबलाच्या पायाला बांधावी.