वीस किलोचं शरीर

(दृश्य: वॉर्ड. शेजारी-शेजारी दोन सलाईनचे स्टँड.)

डावीकडे आठ वर्षांची मुलगी, वजन २० किलो. उजवीकडे ६० किलोचे गृहस्थ. दोघांनाही अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज, व्रण, शौचावाटे रक्त. दोघांनाही इन्फ्लिक्सिमॅब चढतंय. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरून तिला १००, त्यांना ३००.

हिशेब बरोबर आहे, तरी मुलीला औषध कमी पडण्याची शक्यता जास्त.

हे औषध म्हणजे एक प्रतिपिंड, प्रथिनच. अंगभरच्या पेशी त्याचे हळूहळू तुकडे करतात. तिचं वजन त्यांच्या एक तृतीयांश, पण औषध संपवण्याचा वेग एक तृतीयांशाहून बराच जास्त. त्यामुळे आठ आठवड्यांनी पुढच्या डोसाला येईपर्यंत रक्तात औषध जेमतेम उरतं. त्यातून आतडं फार सुजलेलं असलं, तर औषध अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासोबत शौचावाटे गळूनही जातं. हे मोठ्यांतही घडतं, पण लहानग्यांना मार दोन्हीकडून. म्हणून तज्ज्ञ डॉक्टर रक्तातली औषधाची पातळी मोजतात, डोस वाढवतात किंवा दोन डोसांमधलं अंतर कमी करतात. 'औषध लागू पडलं नाही' असं म्हणण्याआधी एवढं तरी पाहायलाच हवं. मूल त्या काळात रक्त गमावत असतं, त्याची वाढ खुंटत असते.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर खलबत्ता.)

मेसालामाइन हे याच आजारावरचं आणखी एक औषध. त्याचं काम आतड्याच्या आतून, थेट अस्तरावर चालतं. त्याच्या अनेक गोळ्यांचं आवरण लहान आतड्याच्या शेवटाशी विरघळावं, अशी रचना असते. मूल गोळी गिळत नाही, म्हणून आई ती कुटून मधात कालवते. मायेपोटीच. पण आवरण फुटलं की औषध वरच शोषलं जातं, व्रणांपर्यंत फारसं पोचत नाही. अशा वेळी याच औषधाच्या बारीक कणांची पुडी किंवा एनिमा चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या बाबतीत मात्र लहान असो की मोठा, जनुक आधी पाहावं. एनयूडीटी१५ या जनुकात बदल असला, तर नेहमीच्या डोसानंही पांढऱ्या पेशी धोकादायक घटू शकतात. हा बदल युरोपीयांपेक्षा भारतीयांत जास्त आढळतो. सुरुवातीच्या आठवड्यांत केस झपाट्यानं गळू लागले, तर लगेच डॉक्टरांना गाठा, रक्त तपासा.

(दृश्य: पुन्हा वॉर्ड. परिचारिका सुई काढते आहे.)

मुलीचा रक्ताचा अहवाल आलाय. तिच्या फाइलवर पुढची तारीख आहे सहा आठवड्यांनंतरची.