फाटा म्हणजे गाव नव्हे

मंडळी, समजा हमरस्त्यावरून उजवीकडे पिंपळगावला रस्ता फुटतो. गाव आत ४ किलोमीटरवर. रस्ता जिथे फुटतो ती जमीन मात्र वडगावच्या शिवारातली. त्या एकाच जागेला एसटीच्या तिकिटावर ‘पिंपळगाव फाटा’ म्हणतात, फोनच्या नकाशात बोट टेकवले की ‘वडगाव’ येते आणि बाणाच्या फलकावर नुसते ‘पिंपळगाव ४’ असते. रात्री त्या फाट्यावर दुचाकी घसरली, कोणी १०८ ला फोन करून ‘पिंपळगावजवळ’ म्हणाले आणि चालकाने नकाशात पिंपळगाव शोधले, तर गाडी जखमी माणसाला मागे टाकून ४ किलोमीटर आत जाते. तेवढेच परत यायचे. नकाशात वाटेवरच्या ठिकाणांच्या नावांची नोंद नीट करायची ती यासाठी.

वाटेवरच्या ठिकाणाचे मुख्य नाव रस्त्यावर उभे राहून जे वाचता येते तेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांनीच मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचाही रिवाज हाच: जमिनीवर दिसते ते नोंदवा. पण फलक दिसला की नाव उचलले, असे करू नका. आधी तो फलक काय सांगतो आहे ते बघा.

गावाच्या हद्दीत उभी असलेली नुसत्या नावाची पाटी म्हणते, ‘तुम्ही इथे आहात’. हे नाव त्या जागेचे. बाणाचा फलक म्हणतो, ‘तिकडे जा’. त्यावरचे नाव जागेचे नाही, दिशेचे आहे. नोंदीत ते ‘गंतव्य’ या रकान्यात जाते. फाट्याच्या पुढे दोन-तीन गावांची अंतरे लिहिलेला फलक असतो, त्यावरून कोणत्याच जागेला नाव देता येत नाही. सगळ्यात जास्त फसवते ती ग्रामपंचायतीची कमान. ‘मौजा अमुक आपले स्वागत करीत आहे’ असे मोठ्या अक्षरात असते, आणि पुष्कळदा ती कमान गावात नसून फाट्यावरच उभी असते. तिच्याखाली गावाचा बिंदू टाकला की गाव नकाशात हमरस्त्यावर येऊन बसते.

फाट्याचा बिंदू फलकाजवळ टाकू नका. दिशेचा फलक वळणाच्या आधी लावलेला असतो, कधी शंभर-दोनशे मीटर आधी. दोन्ही रस्त्यांचे मध्य जिथे मिळतात तिथला बिंदू घ्या. रहदारीत मधोमध उभे राहायचे नाही; कडेला थांबून घ्या आणि नंतर उपग्रहचित्रावर सरकवा. अक्षांश-रेखांश दशांशानंतर पाच अंकांपर्यंत लिहा. पाचवा अंक म्हणजे साधारण १ मीटर. फोनची अचूकता मोकळ्यावर ५ मीटरच्या आसपास असते, दाट निंबाखाली चूक त्याहून वाढते, म्हणून सहावा-सातवा अंक लिहून काही मिळत नाही. फोटो दोन्ही बाजूंनी काढा. फलकाची एक बाजू वाढदिवसाच्या फ्लेक्सने झाकलेली असते, दुसऱ्या बाजूचे अक्षर वाचता येते, असे फार ठिकाणी आहे.

आता नकाशाकडे. नकाशातले नाव बहुधा महसुली गावाचे असते, आणि महसुली गाव म्हणजे वस्ती नव्हे. सर्वे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याच्या ज्या ५५ क्रमांकाच्या नकाशा-पत्रिकेत बहुतेक विदर्भ येतो, तिथपासून तलाठ्याच्या नकाशापर्यंत ‘रिठी’ लागलेली नावे सापडतील. मौजा आहे, सातबारा आहे, पण एकही घर नाही. अशा नावाचा वाटसरूला उपयोग शून्य. उलट यवतमाळ जिल्ह्यातले कोलाम आदिवासींच्या वस्त्या म्हणजे पोड, पुसद-दिग्रसकडचे तांडे, गडचिरोली-गोंदियातले टोले, इथे माणसे राहतात. पण महसुली नकाशात ते दुसऱ्या मौजाच्या पोटात असतात आणि रस्त्यावर पाटीही बहुधा नसते. इथे फलक नाही, नकाशाही नाही, म्हणून लोक जे म्हणतात ते नाव घ्यायचे. किमान दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा, आणि त्यातला एक शेजारच्या गावचा असू द्या. पोडातली माणसे नुसते ‘पोड’ म्हणतात. पोडाचे पूर्ण नाव बाहेरचा सांगतो.

एकसारखी नावे हा आपल्याकडचा जुना त्रास. अमरावती जिल्ह्यातच चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर. कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यात. फलकावर जागा पुरत नाही म्हणून रंगवणारा मागचा शब्द सोडून देतो. आपण तो सोडायचा नाही. बुद्रुक-खुर्दचेही तसेच. खात्रीसाठी २०११ च्या जनगणनेतला गावाचा सहा अंकी क्रमांक जोडा. नाव कसेही लिहिले तरी तो बदलत नाही. आणि तहसिलीचे नाव म्हणजे मुख्य ठिकाणाचे नाव, असे धरू नका. तहसील केळापूर, कचेरी पांढरकवड्यात, आणि केळापूर गाव जवळ पण वेगळे. फलकावर ‘पांढरकवडा’ आहे आणि नकाशात ‘केळापूर’, तर दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत; चूक एकाच्या बिंदूवर दुसऱ्याचे नाव चढवण्यात आहे.

लिहिण्यात बिघाड होतो तो रोमनमधून परत देवनागरीत येताना. वणीचे ‘वानी’, राळेगावचे ‘रालेगांव’, आर्णीचे ‘अर्नी’. ण आणि ळ रोमन लिपीत हरवतात आणि यंत्र अंदाजाने भरते. नव्या महामार्गांच्या फलकांवरही अशी अक्षरे दिसतात. इथे मी ‘फलक आधी’ हा नियम मोडायला सांगतो. मुख्य नाव शुद्ध मराठीत ठेवा, फलकावरचे चुकीचे रूप ‘पर्यायी नाव’ रकान्यात जसेच्या तसे टाका, म्हणजे फलक वाचून शोधणाऱ्यालाही ते सापडेल.

रस्त्याच्या क्रमांकांचे थोडक्यात. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. अमरावती-नागपूर-भंडारा हा सहा नंबर ५३ झाला, नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा हा सात नंबर ४४ झाला. ढाब्यांच्या पाट्यांवर जुना आकडा अजून आहे, तो ‘जुना क्रमांक’ म्हणून राखा. किलोमीटरचा दगड बघताना आधी रंग बघा: डोके पिवळे तर राष्ट्रीय, हिरवे तर राज्य, नारिंगी तर ग्रामसडक. चौपदरीकरणात वळणरस्ता (बायपास) निघाला की जुने दगड गावातल्या जुन्या रस्त्यावर तसेच उभे राहतात, आणि त्यांचे आकडे नव्या मोजणीशी जुळत नाहीत. म्हणून दगडाचा आकडा लिहिताना तो कोणत्या रस्त्यावरचा, हे शेजारी लिहा.

शेवटी तारीख. प्रत्येक नोंदीपुढे फलक कोणत्या दिवशी पाहिला ते टाका. रस्ता रुंद करताना पाट्या उपटून धुऱ्याला टाकतात आणि काम संपल्यावर दुसरीकडे रोवतात. पावसाळ्यानंतर एकदा आणि डांबरीकरण झाल्यावर एकदा, अशी फेरी मारली तर नोंद टिकते. रपटा (नाल्यावरचा ठेंगणा पूल), टी-पॉइंट, पांदण रस्त्याचे (शेताकडच्या वाटेचे) तोंड यांना बहुधा फलक नसतो. तिथे जवळच्या फाट्याचे नाव आणि त्यापासूनचे अंतर मीटरमध्ये लिहा: ‘पिंपळगाव फाटा, वडगावकडे ६०० मीटर, रपटा’.