होम प्लेटच्या मागचा माणूस : रॉय कॅम्पानेला

(दृश्य : धुळीत उकिडवा बसलेला कॅचर. चेहऱ्यावर जाळी, छातीवर पॅड.)

बेसबॉलच्या मैदानात आठ खेळाडूंची तोंडं होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेकडे असतात. नववा, म्हणजे कॅचर, त्यांच्याकडे तोंड करून बसतो. सगळं मैदान दिसतं ते त्यालाच.

आपल्या क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाचा हा भाऊबंद. पण याच्याकडे आणखी एक काम असतं. पुढचा चेंडू कसा टाकायचा, हे तो मांड्यांच्या आडोशाला बोटांच्या खुणा करून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला सुचवतो. वेगवान की वळणारा, आत की बाहेर. एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा हे चालतं, गुडघे कितीही दुखले तरी.

रॉय कॅम्पानेला पंधराव्या वर्षी या कामाला लागला. जन्म १९२१ चा, फिलाडेल्फियाचा. वडील इटालियन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. त्या काळच्या अमेरिकेत मेजर लीगचं, म्हणजे अव्वल व्यावसायिक बेसबॉलचं दार बंद व्हायला एवढं पुरेसं होतं. रॉय कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये बाल्टिमोर एलिट जायंट्सकडून खेळू लागला आणि तिथे त्याला गुरू भेटले, बिझ मॅकी. बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे. होम प्लेटपासून दुसरा बेस १२७ फुटांवर. बसल्या जागेवरून तिथवर चेंडू फेकण्यात मॅकींचा हातखंडा होता. त्यांनी या पोराला तासन् तास घासून तयार केलं.

त्या मेहनतीचं फळ आकड्यांत दिसतं. पुढे मेजर लीगमध्ये रॉयसमोर बेस चोरायला, म्हणजे फटका बसण्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठायला धावलेल्या दर १०० जणांपैकी ५७ जण बाद झाले. त्याची बरोबरी आजवर कुणाला साधलेली नाही.

(दृश्य : ब्रुकलिनच्या रस्त्यांची जुनी छायाचित्रं.)

ऑक्टोबर १९४५. ब्रुकलिन डॉजर्स या मेजर लीग संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी त्याला बोलावून घेतात. रॉयचा समज होतो, कृष्णवर्णीयांचा एखादा नवा संघ काढायचा असेल. तो नकार देऊन परततो. काही दिवसांनी पत्ते खेळताना जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याला सांगतो, मी डॉजर्सशी करार केलाय. तेव्हा कुठे रॉयला उलगडा होतो. या साऱ्या कहाणीत मला हाच क्षण जास्त टोचतो. दार उघडलं तरी खरं वाटू नये, इतकी वर्षं ते बंद होतं.

१९४६ मध्ये तो डॉजर्सच्या नाशुआ इथल्या दुय्यम संघात गेला. एका सामन्यात पंचांनी व्यवस्थापक वॉल्टर अल्स्टन यांना बाहेर काढलं, तेव्हा संघ रॉयच्या हाती आला. गोऱ्या खेळाडूंना एक कृष्णवर्णीय तरुण सूचना देत होता. सामना त्यांनी जिंकला.

एप्रिल १९४८ मध्ये तो ब्रुकलिनकडून मैदानात उतरला. १९५१, १९५३ आणि १९५५ असा तीनदा तो मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९५३ मध्ये ४१ होमरन, म्हणजे आपल्या षटकारांसारखे फटके. मधल्या १९५४ मध्ये डाव्या हाताच्या दुखापतीने त्याची बॅट जवळजवळ मुकी झाली. कॅचरचे हात असेच झिजतात.

मग ४ ऑक्टोबर १९५५. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध जागतिक मालिकेचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा सातवा, निर्णायक सामना. पिचर जॉनी पॉड्रेस अवघा २३ वर्षांचा, समोर बसलेला रॉय. चौथ्या डावात पहिली धाव रॉयनेच पूर्ण केली आणि यांकीजना एकही मिळाली नाही. २-०. ब्रुकलिनचं पहिलं जगज्जेतेपद!

(दृश्य : रात्रीचा निसरडा रस्ता. पार्श्वसंगीत थांबतं.)

२८ जानेवारी १९५८. हार्लेममधलं आपलं दुकान बंद करून रॉय लाँग आयलंडवरच्या घरी निघाला होता. पहाटेपूर्वी गाडी घसरली, खांबावर आदळली, उलटली. मान मोडली. तो ३६ वर्षांचा होता. पुन्हा कधी चालला नाही.

डॉजर्स त्याच वर्षी लॉस एंजेलिसला गेले. त्या शहराने त्याला आपल्या संघातून खेळताना पाहिलंच नव्हतं. तरी ७ मे १९५९ रोजी त्याच्या सन्मानार्थ झालेल्या सामन्याला ९३,१०३ माणसं आली. जुना सहकारी पी वी रीस याने त्याची चाकांची खुर्ची मैदानात ढकलत आणली. दिवे मालवले गेले आणि अंधारात हजारो काड्या पेटल्या.

१९६९ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या मानाच्या दालनात कोरलं गेलं. पण मला आवडतो तो फ्लोरिडातल्या व्हेरो बीचचा रॉय. वसंतातल्या सराव शिबिरात तो खुर्चीत बसायचा, भोवती डॉजर्सचे तरुण कॅचर. प्लेटमागे उकिडवं बसून दाखवता येत नव्हतं. म्हणून मॅकींनी हातांना शिकवलेलं तो आता शब्दांनी सांगायचा : पाय कुठे, नजर कुठे, पिचर घाबरलाय हे कसं ओळखायचं.